एकोणीस वर्षांत कुणी बुडाले नाही

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कुलसचिवांनी भूगोलाच्या सरांना बोलावून घेतले आणि आपल्या विद्यापीठाचे तळे नेमके कुठे आहे, असे विचारले.

सर नऊ वर्षे हंगामी होते. हंगामी माणसाला साहेबाने नुसते 'बसा' म्हटले, तरी त्यात काहीतरी खोच असेल असे वाटते. इथे तर थेट विषयातला प्रश्न होता. त्यांनी आवाराचा नकाशा डोळ्यांसमोर आणला. दोन वसतिगृहे, एक मैदान, ग्रंथालयामागचे टेकाड आणि नव्या परीक्षा भवनासाठी तीन वर्षांपूर्वी खणून तसाच सोडलेला खड्डा. तळे कुठे बसत नव्हते.

"तळं नाहीये, सर," ते म्हणाले. "पाण्याची टाकी आहे. पण ती वर आहे."

"मग नौकाविहार सुरक्षा समितीचे सचिव म्हणून तुम्ही सहा वर्षं काय करता?"

"अहवाल देतो," सर म्हणाले.

हे खरे होते. कुलसचिवांना इथे येऊन आठच महिने झाले होते, त्यामुळे विद्यापीठाचा इतिहास त्यांना ठाऊक नव्हता. तो सांगण्यासाठी नियम कक्षातून कलमबाईंना बोलावण्यात आले. बाईंचे खरे नाव सेवापुस्तकात होते. बाकी सगळे त्यांना कलमबाईच म्हणत, कारण 'उद्या जरा उशिरा आलो तर चालेल का' या प्रश्नालाही त्या कलमाच्या क्रमांकाने उत्तर देत.

बाईंनी हकिकत सांगितली. बावीस वर्षांपूर्वी विद्यापीठ निघाले तेव्हा पंधरा दिवसांत नियमावली सादर करा, असा वरून हुकूम आला. त्या वेळच्या कुलसचिवांनी कुठल्याशा जुन्या, थोरल्या विद्यापीठाची नियमावली पैदा केली, नव्यानेच टायपिस्ट म्हणून लागलेल्या कलमबाईंच्या टेबलावर ठेवली आणि 'नाव बदला, बाकी तसंच राहू द्या' असे सांगितले. बाईंनी नाव बदलले. चारशे बारा ठिकाणी. बाकी तसेच राहू दिले. त्या बाकीत प्रकरण नववे होते, नौकाविहार. जाकीट घातल्याशिवाय कुणीही पाण्यापासून दहा हातांच्या आत जाऊ नये. सूर्यास्तानंतर कर्मचाऱ्यांनी होडी बाहेर काढू नये. प्रत्येक विद्यार्थ्यास आठवड्यातून एक तास नौकाविहाराचा हक्क राहील. या सगळ्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक समिती असेल आणि ती दरवर्षी अहवाल देईल.

"पण मग हे नंतर काढून का नाही टाकलं?" कुलसचिवांनी विचारले. आवाजात राग नव्हता. वाट चुकलेल्या माणसाला आपण नेमके कुठे चुकलो हे जाणून घ्यायचे असते, तसे काहीसे होते.

"नऊ-सहा," कलमबाई म्हणाल्या. "समितीने पाण्याची प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय या प्रकरणात बदल करता येणार नाही. पाणी नाही म्हणून पाहणी नाही. पाहणी नाही म्हणून बदल नाही."

कुलसचिवांनी समितीचे जुने अहवाल मागवून घेतले.

समिती विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षी स्थापन झाली होती. वर्षातून एकदा बैठक व्हायची. चहा यायचा, माणशी दोन बिस्किटे यायची, मागचा अहवाल वाचला जायचा आणि त्यातले साल बदलून तो पुढे पाठवला जायचा. अहवाल एका वाक्याचा होता : 'या वर्षी एकही विद्यार्थी अथवा कर्मचारी बुडाला नाही.' सचिव 'पाण्याची जाण असलेला' असावा, असे नियमात होते. सर वर्गात नद्या शिकवत, म्हणून ते सचिव झाले. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हते, पण तसे नियमात कुठे विचारलेले नव्हते.

हे सगळे असेच सुखाने चालले असते. पण गेल्या वर्षी कुणा हौशी माणसाने विद्यापीठाच्या माहितीपत्रकात एक ओळ घातली, 'नौकाविहार : सलग एकोणीस वर्षे शून्य अपघात.' ती ओळ विद्यापीठांची तपासणी करणाऱ्या पाहणी मंडळाने वाचली. आता गुरुवारी मंडळाच्या एक सदस्या येणार असल्याचे पत्र आले होते. त्यांना ग्रंथालय, वसतिगृह, तक्रारपेटी आणि विशेषतः नौकाविहाराचे ठिकाण पाहायचे होते. 'विशेषतः'च्या खाली रेघ मारलेली होती.

पत्रासोबत दुसरा एक कागद होता, आणि सरांचा जीव त्या दुसऱ्या कागदात होता. त्यांना कायम करण्याची फाइल नऊ वर्षांत पहिल्यांदाच वरपर्यंत पोहोचली होती. तिला तीन रकाने होते. शिकवणे भरले होते, संशोधन भरले होते. तिसरा रकाना 'संस्थेसाठी केलेले काम' हा होता आणि त्यात सरांच्या नावावर एकच गोष्ट होती. त्या रकान्याखाली, 'समितीचे कार्य प्रत्यक्ष पाहून खात्री केली' या ओळीपुढे, गुरुवारी येणाऱ्या बाईंनी सही करायची होती. सही झाली की सर कायम. नाही झाली, तर सत्र संपताच सरांचा हंगामही संपणार होता.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितले. ती दाताच्या दवाखान्यात नंबर देण्याचे काम करायची, त्यामुळे समोरचा नीट तोंड उघडेपर्यंत थांबायची तिला सवय होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे सहा वर्षं तुम्ही तिथं चहा प्यायला जात होतात."

"बिस्किटंही असायची."

"आणि बाबांना मी काय सांगू?"

सासरे दर रविवारी फोनवर 'जावईबापू झाले का कायम?' एवढेच विचारत. पण विचारण्याची धाटणी अशी, की जावई अजून तपासून पाहायचा आहे आणि पसंत न पडल्यास परत करता येतो.

खरे काय ते सांगून टाका, पाणीच नव्हते म्हणून कुणी बुडाले नाही, यात तुमचा काय गुन्हा, असे बायकोचे म्हणणे पडले. सर म्हणाले, मग समितीने इतकी वर्षे केले काय, असे विचारतील.

"मीच विचारते. काय केलं?"

सरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "कुणाला बुडू दिलं नाही," ते म्हणाले.

मंगळवारी कुलसचिवांना तोडगा सुचला. तळे दाखवा असे पत्रात कुठे म्हटलेले नाही. 'ठिकाण' म्हटले आहे. जिथे पाणी असेल ते ठिकाण, आणि पाणी तर सोडता येते. परीक्षा भवनाचा खड्डा बॅडमिंटनच्या मैदानाएवढा सहज होता. जमीन मुरमाड आहे, पाणी धरणार नाही, असे सरांनी सांगून पाहिले. पण भूगोलाच्या माणसाने सांगितलेली गोष्ट पुस्तकातली असणार, म्हणून कुणी मनावर घेतली नाही. माळीकाकांना बोलावण्यात आले. माळीकाकांनी आजवर सहा कुलसचिव आणि त्यांनी लावायला सांगितलेली व उपटायला सांगितलेली तीच ती झाडे पाहिली होती. का, कशाला, हे प्रश्न त्यांनी केव्हाच सोडून दिले होते.

"किती दिवस ठेवायचं?" एवढेच त्यांनी विचारले.

"गुरुवारपर्यंत," कुलसचिव म्हणाले.

दुपारी अडीचला पाइप सुरू झाला. साडेचारला पाणी घोट्याएवढे झाले आणि कलमबाई हातात पाटी घेऊन आल्या. पाटीवर 'जाकिटाशिवाय पुढे जाऊ नये' असे होते. त्यांनी खड्ड्याच्या काठापासून दहा हात मोजले, तिथे चुन्याची रेघ ओढली आणि सरांना रेघेबाहेर यायला सांगितले.

"अहो बाई, पाणी घोट्याइतकं आहे."

"नियमात खोली दिलेली नाही," कलमबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं पाणी नव्हतं, मी एक शब्द बोलले नाही. आता आलंय. आता प्रकरण नऊ लागू."

माळीकाका तेवढे आत होते. त्यांना बाहेर काढले तर पाइप कोण धरणार, हा प्रश्न निघाला. पाणी घालणारा हा पाण्याजवळ जाणारा नव्हे, असा अर्थ कलमबाईंनी पाच मिनिटे विचार करून लावला.

आता जाकिटे हवी होती. क्रीडा विभागात पॅड, हेल्मेट, इतकेच काय, एक तुटका भालाही होता, पण पाण्यात घालायचे काही नव्हते. शेवटी ती सोय बायकोने केली. वन्संची दोन्ही मुले पोहायच्या शिकवणीला जात. त्यांची दोन जाकिटे ती पिशवीत घालून घेऊन आली. वय वर्षे आठ ते दहा. एकावर मासा होता, दुसऱ्यावर बदक.

"वन्संना सांगितलंय रविवारी परत देते म्हणून," ती म्हणाली. "भिजवू नका."

बुधवारी कुलसचिव पाहायला आले, रेघेबाहेर उभे राहिले आणि होडीशिवाय नौकाविहार दिसत नाही, असे म्हणाले. नाट्य विभागात एक होडी निघाली. दिसायला फर्मास होती, मात्र तिला तळ नव्हता. नाटकात नट आत उभे राहून ती कमरेशी धरून चालत जायचे. ती खड्ड्यात नेऊन ठेवली आणि ती अगदी ऐटीत उभी राहिली. तळच नसल्यामुळे तिच्यात पाणी शिरण्याचा प्रश्न नव्हता.

होडी दिसली आणि वसतिगृहाच्या खिडक्या उघडल्या. दुपारी विद्यार्थी प्रतिनिधी असलेली एक मुलगी नियम कक्षात आली. तिच्या हातात अर्जांचा गठ्ठा होता. भांडायला आलेली नव्हती. आठवड्यातून एक तासाचा हक्क आपल्याला बावीस वर्षे होता आणि कुणालाच माहीत नव्हता, याचे तिला नवल वाटत होते. अजून असे काय काय आहे, तेही तिने सहज विचारून घेतले. कलमबाईंनी एकशे अडुसष्ट अर्जांवर एकेक करून शिक्का मारला, क्रमांक घातला आणि सचिवांकडे पाठवून दिले. सर नकाशा शिकवण्याचा तास सोडून ते अर्ज लावत बसले. सहा वर्षांत समितीचे एवढे काम त्यांनी कधी केले नव्हते.

गुरुवारी सकाळी पाहुण्या बाई आल्या. मध्यम वयाच्या, शांत, खांद्याला कापडी पिशवी, हातात पातळशी वही. कुलसचिवांचा बेत असा होता, की ग्रंथालयातच दोन तास काढायचे, म्हणजे खड्ड्यापाशी जाईपर्यंत ऊन होईल आणि पाहुणे घाईत येतील. पण बाईंनी ग्रंथालय चार मिनिटांत पाहिले. वसतिगृहात त्या थांबल्याच नाहीत. तक्रारपेटी उघडायला किल्लीवाला शोधावा लागला. आत एकच चिठ्ठी होती, 'पेटी उघडत नाही.' बाईंनी ती वाचली, घडी करून परत आत टाकली आणि म्हणाल्या, "पाणी कधी बघायचं?"

मुरमाड जमिनीने आपले काम केले होते. खड्ड्यात वीतभर पाणी आणि बाकी चिखल उरला होता. त्यात होडी जरा डावीकडे कलून उभी होती. रेघेपाशी कलमबाई दोन जाकिटे घेऊन उभ्या होत्या. जाकिटे दोन म्हणजे माणसे दोन. पाहुण्या आणि सचिव आत जाऊ शकत होते. कुलसचिवांना रेघेबाहेर थांबावे लागले. आपण या विद्यापीठाचे कुलसचिव आहोत, असे त्यांनी सांगून पाहिले. नियमात हुद्द्याचाही उल्लेख नव्हता.

पाहुण्या बाईंनी बदकाचे जाकीट निमूटपणे घेतले. ते हातांतून खांद्यांपर्यंत आले आणि पुढे येईना. सरांचा मासाही तिथेच अडला होता. दोघे तसेच, पंख झटकायला निघाल्यासारखे, खड्ड्याच्या काठाशी गेले.

बाईंनी वाकून पाण्याकडे पाहिले.

"हे कधीपासून आहे?"

'बरीच वर्षे झाली' असे उत्तर कुलसचिवांनी सकाळी सरांकडून तीनदा म्हणून घेतले होते. सरांनी तोंड उघडले. पलीकडच्या काठाला पाइपचे तोंड दिसत होते. त्यातून अजून एकेक थेंब पडत होता.

"मंगळवारपासून," ते म्हणाले.

"या मंगळवारपासून?"

"हो. दुपारी अडीच."

एकदा सांगायला सुरुवात केल्यावर सरांना थांबता येईना. चारशे बारा ठिकाणची नावे, नऊ-सहा, चहा, बिस्किटे, तळ नसलेली होडी, वन्संची जाकिटे, सगळे त्यांनी सांगून टाकले. रविवारी सासऱ्यांचा फोन येईल तेव्हा आपण आंघोळीला गेलेले बरे, असेही त्यांनी मनात ठरवले. बाईंनी वहीत काही लिहिले नाही. त्या चिडल्याही नाहीत. फक्त त्यांचा चेहरा उतरत गेला, लांबून पत्ता शोधत यावे आणि दाराला कुलूप दिसावे तसा.

"म्हणजे इथंही नाही," त्या म्हणाल्या.

"इथंही?"

मग त्या काठावरच बसल्या आणि त्यांनी सांगितले. त्यांचे विद्यापीठ बारा वर्षांपूर्वीचे. त्यांनाही नियमावली घाईने द्यायची होती. त्यांनी एक तयार नियमावली घेतली आणि नाव बदलले. बाई स्वतः संख्याशास्त्र शिकवत आणि आठ वर्षे तिथल्या नौकाविहार सुरक्षा समितीच्या सचिव होत्या. दरवर्षी 'शून्य' असा अहवाल देत. आलेखासह.

"आमच्या पान एकशे चाळीसवर अजून तुमच्या विद्यापीठाचं नाव राहिलंय," त्या म्हणाल्या. "त्यावरून कळलं, की मूळ इथलं आहे. पाहणी मंडळावर नंबर लागायला तीन वर्षं थांबले मी. म्हटलं, निदान इथं तरी होडी चालत असेल. एकदा बघून येऊ."

दहा हातांवरून कलमबाईंचा आवाज आला. "नाव राहिलंय? मी सगळीकडे बदललं होतं."

"तुमचं नाही चुकलं हो. आमच्या टायपिस्टनं एक सोडलं."

"मग ठीक आहे," कलमबाई म्हणाल्या.

सरांनी आपल्या पिशवीतून अहवाल आणि अर्ज जोडलेली फाइल काढली, पण ती पुढे करायचा धीर होईना. बाईंनी स्वतःच ती ओढून घेतली, तिसरा रकाना वाचला, मग खालची ओळ दोनदा वाचली. एकोणीस अहवाल चाळले. एकशे अडुसष्ट अर्ज पाहिले आणि ते क्रमाने लावलेत का, हेही पाहिले. चुन्याची रेघ पाहिली. रेघेपलीकडे अर्धा तास उन्हात उभे असलेले कुलसचिव पाहिले.

"समितीचं काम प्रत्यक्ष पाहिलं. खात्रीही झाली," त्या म्हणाल्या. "पाणी आहे का, असं या ओळीत कुणी विचारलेलं नाही."

आणि त्यांनी सही केली.

मग वही उघडून त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहिले, 'पाणी : पाहिले.' नऊ-सहामध्ये पाण्याची पाहणी करा असे आहे, कुणाचे पाणी ते नाही. आता आपल्याकडे परत गेल्यावर प्रकरण नऊ काढून टाकता येईल, असे त्यांनी समजावून सांगितले.

"टाकणार?" सरांनी विचारले.

बाईंनी जरा विचार केला. "पुढच्या वर्षी बघू. यंदाचा आलेख काढून झालाय."

जाण्याआधी त्यांनी कलमबाईंना एकच प्रश्न विचारला, तुमची नियमावली ज्यावरून घेतली ते विद्यापीठ कोणते? कलमबाईंना ते नाव पत्त्यासह पाठ होते. बाईंनी ते लिहून घेतले. त्या जुन्या प्रतीतही दोन-तीन ठिकाणी कुणा भलत्याच विद्यापीठाचे नाव होते, पण टायपिंगची चूक असेल असे आपल्याला तेव्हा वाटले होते, हेही कलमबाईंनी जाता जाता सांगितले. त्याकडे त्या गडबडीत कुणाचे लक्ष गेले नाही.

संध्याकाळपर्यंत खड्डा सुकला. होडी नाटकात परत गेली, जाकिटे वन्संकडे. मुलांचे अर्ज पाणी उपलब्ध होईपर्यंत राखून ठेवण्यात आले. दीड महिन्याने सरांचा कायम झाल्याचा हुकूम आला. बायकोने रविवारची वाट न पाहता वडिलांना फोन लावला. वडिलांनी बातमी दोनदा वदवून घेतली. एवढ्या वर्षांचा प्रश्न असा अचानक संपल्यावर माणसाने बोलावे तरी काय?

"बरं," सासरे शेवटी म्हणाले. "बढती कधी?"

त्याच आठवड्यात कलमबाई एक पत्र घेऊन भूगोल विभागात आल्या. जुन्या, थोरल्या विद्यापीठाचे पत्र होते. आपल्या नियमावलीतले प्रकरण नववे मुळात कुठून आले, याची नोंद त्यांच्या दप्तरी सापडत नव्हती. त्यांच्याकडे तळे नव्हते. कधी असल्याचे कुणाला आठवतही नव्हते. मात्र इथले पाणी एका पाहणी सदस्याने प्रत्यक्ष पाहिल्याचे त्यांना कळले होते. तरी त्यांची समिती पाहणीसाठी येत्या गुरुवारी येत होती. सदस्य अकरा.

"अकरा जाकिटं लागतील," कलमबाई म्हणाल्या.

सर उठले आणि माळीकाकांना शोधायला बाहेर पडले. शोधावे लागले नाही. बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. परीक्षा भवनाच्या खड्ड्याशी माळीकाका पाइपचा वेढा सोडत बसले होते.

"किती दिवस ठेवायचं, सर?" त्यांनी मान वर न करता विचारले.

सरांनी मुरमाकडे पाहिले, कोरड्या खड्ड्याकडे पाहिले. मागल्या वेळी या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

"कायम," ते म्हणाले.